जोड सुटला पाहिजे

नाटकाचा हंगाम सरला की मी वडशाहून गावी येतो,
फुटके स्पीकर, वायरींची भेंडोळी
आणि एक जुनी लाज घेऊन:
रात्री अडीचला, तिसऱ्या अंकात,
लेकीला शाप देणाऱ्या बापाच्या कॉलरचा माइक मेला
आणि मंडपभर माणसांसमोर
बाप नुसते ओठ हलवत राहिला.
मीटर तर म्हणत होतं, भरलेली आहे.
तेव्हापासून रिकाम्या बसलेल्या बॅटरीचा शब्द मी मानत नाही.
आधी भार टाकतो, मग विचारतो.

रायवंता मावशीच्या भिंतीवर
एकाच खिळ्याला चार चार्जर, चार जातींचे.
डोक्याच्या बत्तीचा, भोंग्याचा, पंख्याचा,
आणि त्या काटेदार तराजूचा, ज्याने ती
मोह घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याला खोटं पाडते.
घरात प्लग एक. वीज येते तिच्या मर्जीनं.
"चार गाई अन् एकच खुटा," मावशी म्हणते,
"कोनाले बांधू?"

म्हणून एकच पेटी. कमरेला.
तिला एकच तोंड; ज्याला भूक लागेल त्यानं यावं.
भंगारातल्या दोन लॅपटॉपचे बारा सेल आणले.
पाच गेलेलेच होते.
उरलेले भरून आठवडाभर कोनाड्यात ठेवले,
झोपेत गळले ते काढले.
चार राहिले, एकच आकडा सांगणारे.
त्यांच्यावर राखणीला नखाएवढी पाटी:
पोट फुटेस्तोवर खाऊ देत नाही,
तळ गाठू देत नाही.
अंगाला अडीच इंची पाइपचा तुकडा,
बोअरच्या कामातून उरलेला.
कौलांवर सौर पाटी.
वजन साडेतीनशे ग्रॅम. मावशीनं हातात घेऊन सांगितलं,
"दीड पावशेर."
बरोबर होतं.

पहाटे चारला तिनं ती कमरेला बांधली,
बत्ती डोक्याला, वायर पाठीवरून.
दहा पावलांत परत आली.
कुडाच्या काटीत वायर अडकली होती
आणि माझा प्लग, दोन स्क्रूंनी आवळलेला, हलायला तयार नव्हता.
"आस्वल आलं तं मी पळू
का तुही वायर सोडवत बसू?"

मी रंगमंचाचा माणूस.
प्लग सुटणं हे माझ्या धंद्यात पाप.
तिच्या रानात
न सुटणं.

मग फुटक्या स्पीकरमधून चुंबकं काढली.
पितळी टोकं, भोवती चुंबकाची कडी;
उलटं लावायला गेलं की कडी स्वतःच ढकलून देते,
लाल-काळं बघायची गरज नाही, अंधारात हात पुरतो.
मावशीच्याच तराजूला अडकवून ओढत बसलो.
अर्ध्या किलोला सुटणारा जोड
फुलं वेचताना वाकलं की गळून पडायचा,
आणि एका झाडाखाली ती शेकडो वेळा वाकते.
दोन किलोचा माणसाला मागे खेचायचा.
सव्वा किलोवर थांबलो.

आणि सुटल्यावर? अंधार.
हे मला सुचलं नव्हतं. तिनं विचारलं.
बत्तीच्या पोटात मग एक कपॅसिटर बसवला:
जोड तुटला तरी
बत्ती मंद होत चाळीस मोजेपर्यंत जळते.
चाळीस का, तर तिच्या मोहापासून गाडीवाटेपर्यंत
ती धावून पाहून आली होती, आकडे मोजत,
साडी खोचून, भर दुपारी.

चैत्रातल्या त्या पहाटे मी अंगणात बसून होतो.
बत्ती नाल्यापर्यंत दिसली,
पुढं झाडं.

उन्हं वर आल्यावर ती आली.
टोपली उतरवली, ताडपत्रीवर फुलं पसरली.
जोड दोनदा सुटला, म्हणाली.
एकदा येरोणीच्या काट्यानं.
आणि दुसऱ्यांदा?
ती फुलांतली पानं निवडत राहिली.
"पुरले तुये चाळीस," एवढंच.
टोपली अर्धीच होती.

मग पेटी माझ्यापुढं ठेवली,
बोटानं तोंड दाखवलं, चिकट झालेलं:
"याले झाकन लाव.
गोड रस जाते आत,
मुंग्या लागतेत."