नकाशा प्रमाणात नाही

सहाव्या मजल्यावर, जिथून ह्यूस्टनचे हायवे
ताटाबाहेर सांडलेल्या शेवयांसारखे दिसतात,
व्हर्लीन गिड्री अपघात भरते.
असंच विचारतात तिच्या ऑफिसात : आज किती भरलेस?
चाळीस. बेचाळीस.
शुक्रवारी पस्तीसच, कुणाचा तरी केक होता.

पोलिसांचा अहवाल येतो, ती त्याचे आकडे करते.
उजेड : तीन, म्हणजे अंधार, पण दिवे चालू.
हवा : एक, निरभ्र.
रस्ता : एक, कोरडा.
इजा : चार.
चारच्या पुढे फॉर्ममध्ये रकानाच नाही.

पहिल्या वर्षी ती नावं वाचायची.
मग नावांवर फूटपट्टी ठेवायला शिकली,
मुलाच्या जुन्या दप्तरातली, लाकडी,
एका टोकाला त्याच्या दातांचे व्रण.
एकोणीस वर्षं ती पट्टी
ओळीमागून ओळ खाली सरकत आलीय.

ह्या मंगळवारी जरा घसरली.
एउलालिया माचुका, वय एकसष्ट.
पिशवीत धुवायचे कपडे.
खाली पोलिसानं काढलेलं चित्र :
एक चौकोन, त्याला बाण,
सहा समांतर रेघा,
आणि काड्यांचा एक माणूस, आडवा.
कोपऱ्यात नेहमीचं वाक्य :
नकाशा प्रमाणात नाही.
कारण : चव्वेचाळीस.
चव्वेचाळीस म्हणजे पादचाऱ्याची चूक.

रविवारी चर्च सुटल्यावर
व्हर्लीननं वाट वाकडी केली.
टायरच्या दुकानापाशी गाडी लावून
बसच्या खांबापाशी उभी राहिली, टाचांच्या बुटांत.
समोर लाँड्री. दार उघडं,
यंत्रात कुणाचा तरी लाल शर्ट गरगरताना दिसतोय,
इतकी जवळ.
सिग्नल कुठाय?
चालायला लागली, पावलं मोजत.
दोनशे तीसला फुटपाथ संपला,
बोलता बोलता माणूस विसरावा तसा.
मग गवत. नाला. भिजून वाळलेली गादी.
ऑगस्टचं ऊन डोक्यावर तवा धरून.
सहाशे बाराला सिग्नल.
बटण दाबलं. बटण आत गेलं ते बाहेरच आलं नाही.
तशीच परतली. पुन्हा सहाशे बारा.

खांबापाशी बस थांबली होती.
तिघं उतरली : एक पोरगा, एक म्हातारा,
एक बाई, डोक्याएवढ्या गाठोड्यासकट.
कुणी उजवीकडे सिग्नलच्या दिशेनं पाहिलंसुद्धा नाही.
सगळ्यांची मान डावीकडे,
गाड्यांमधली फट हुंगत.
बाईनं व्हर्लीनचं कोपर धरलं,
ओळख ना पाळख,
स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली, बहुतेक आत्ता,
आणि व्हर्लीन गिड्री, अपघात विभाग,
बूट हातात घेऊन धावली.

अंदाजानं एकेचाळीस पावलांचा रस्ता.
धावताना एकोणतीसच झाली.

पलीकडे पोचल्यावर छाती इतकी धडधडत होती
की तिला हसू आलं,
आणि त्या हसण्याची लाज वाटली.
बाईनं गाठोडं खाली ठेवलं.
सुट्टे आहेत का, असं खुणेनं विचारलं.
होते.

सोमवारी कारण चव्वेचाळीसच राहिलं,
ते बदलणं तिच्या हातात नव्हतं.
शेरा नावाच्या छोट्या रकान्यात ती लिहू लागली :
सिग्नल ६१२ पावलांवर.
पडदा म्हणाला, ह्या रकान्यात फक्त अंक.
बरं, म्हणाली.
६१२.

डिसेंबरात मोठ्या खोलीत आलेख दाखवला.
मृत्यू दोन टक्क्यांनी कमी. टाळ्या.
कुणीतरी विचारलं, ह्या एका ओळीत
हे सहाशे बारा काय आहे?
असा कोडच नाही आपल्याकडे.
टायपिंगची चूक असेल, साहेब म्हणाले,
आणि तिथल्या तिथे पुसलं.

व्हर्लीन मागच्या रांगेत होती.
काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी सकाळी, कॉफीच्या आधी,
तिनं ते परत भरलं.