हिरवा हत्ती

किल्ली फिरवली की आधी काहीच होत नाही.
मग बॉनेटखाली पंप चुकचुकतो,
टक टक टक,
शंकेची पाल,
आणि मी सवयीनं म्हणते, कृष्ण कृष्ण.

एमजी, टीडी, सन एकावन्न.
माझ्याहून चार वर्षांनी थोरली.

पहिल्यांदा दिसली सेमिनरी हिल्सच्या उतारावर.
माझ्या सायकलची साखळी पडलेली, मी अकरावीत,
हात कोपरापर्यंत काळे.
वर बघितलं तर मडगार्डची ती एक रेघ
समोरच्या चाकावरून सुरू होऊन
हात न उचलता काढल्यासारखी
मागे निघून गेली.
चालवणाऱ्याचा चेहरा आठवत नाही.
विचारू नका.

एजी ऑफिसात अडतीस वर्षं
दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप काढले.
निवृत्त झाले आणि ग्रॅच्युइटीतून
असा खर्च केला
की मीच मला पास केला नसता.

बैरामजी टाऊनच्या फ्रेनीबाईंनी ताडपत्री उचलली.
सीटवर मांजर व्यालेली, चार पिल्लं.
म्हणाल्या, यांचे डोळे उघडू दे, मग ने.
मी सतरा दिवस थांबले.
त्याआधी चाळीस वर्षं थांबलेच होते.

हिचा सांगाडा लाकडी, विलायतेचं लाकूड,
वाळवीला आवडलेलं.
लकडगंजचे वासुदेव निनावे,
ज्यांनी जन्मभर चौकटी केल्या आणि दिवाण केले,
दार हातात घेऊन उलटसुलट बघत बोलले,
"ताई, हे आपलंच काम आहे.
फक्त ही चौकट पळते."
आलापल्लीचा साग घातला त्यांनी.
आता ऊन चढलं की
तिच्या पोटातून वखारीचा वास येतो.

आणि गड्डीगोदामचे लतीफ मिस्त्री:
चौदाचा पाना घट्ट, पंधराचा सैल.
"मॅडम, अंग्रेज गया, मगर उसका नट नहीं खुलता."

बहीण म्हणते, पांढरा हत्ती पोसलास.
नीट बघ, म्हणते मी. हिरवा आहे.

मागच्या मेमध्ये, सत्तेचाळीस डिग्रीत,
व्हरायटी चौकात बसली.
पेट्रोल नळीतच उकळलं.
लगेच माणसं. ॲव्हरेज किती देते?
कितीची पडली? लग्नाला भाड्यानं देता का?
एका गृहस्थांनी टायरला हलकी लाथ मारून पाहिली,
का ते त्यांनाच ठाऊक.
मागे आपली बस हॉर्न देत, हॉर्न देत.

रसवंतीवरचा पोट्टा तेवढा काही बोलला नाही.
बर्फाचा तुकडा घेऊन आला.
मी डोक्याचा दुपट्टा सोडला, त्यात बर्फ बांधला,
पंपावर ठेवला,
ताप आलेल्याच्या कपाळावर ठेवतात तसा.
"हे दार उलटं काहून उघडते?"
मला अजून कळलेलं नाही, म्हटलं. बस आत.

तो बसला. स्टिअरिंगला हात लावला नाही,
दोन्ही हात मांडीवर, शाळेत बसल्यासारखे.
आम्ही वाट बघितली.
चौकात एवढा गलका, आणि आम्ही दोघं
एका बारीक आवाजासाठी कान देऊन.

टक.
टक टक.

झिरो माईलला वळसा घालून आणला त्याला.
काच समोर पाडलेली, झळ सरळ तोंडावर,
डोळ्यांतून पाणी, आणि तो ओरडत होता,
"हळू नका करू, मॅडम, हळू नका करू!"
आम्ही पस्तीसवर होतो. मैलांत.
परतलो तेव्हा त्याचा मालक
उसाचं कांडं हातात घेऊन उभा.
मी चार ग्लास रस घेतला. चारही प्यायले.

रात्री टॉर्च घेऊन खाली वाकते.
फरशीवर ऑडिटचे जुने कोरे तक्ते अंथरलेत.
तेल गळायचं थांबलं, लतीफ सांगतात,
तर समजा, तेल संपलं.
गुडघे कुरकुरतात. माझे.
आजचा थेंब बरोबर
शेऱ्याच्या रकान्यात पडलाय.
बरं.