तुटक निळी रेघ

एकतीस वर्षं सिंचन खात्याच्या टेबलावर
मी ही रेघ एका नकाशावरून दुसऱ्यावर उतरवली.
तुटक, निळी. म्हणजे बारमाही नाही.
नाव नाही. सुरगाण्याच्या खाली, डावीकडे,
घडी पडून कागद विरला होता तिथे ती संपायची.

आज माघ सरत आलाय. पायवाट मघाशी कारवीत शिरली
ती परत आलीच नाही.
पुढे धवळू भोये, कमरेला खेकड्यांची पिशवी.
मागे मी, गुडघ्याला पट्टा.
आणि ओहळ कधी घोट्याएवढा, कधी नुसता ओला दगड.

"तिथं पाय नको, सायेब, साबण हाय तो."
ऐकेपर्यंत मी बसलेलो पाण्यात,
चष्मा एका रांजणखळग्यात.
खांद्यापर्यंत हात घातला. तळ लागेना.
"ऱ्हाऊ दे," धवळू म्हणाला, "उतरताना काढू."

मग पुढचं सगळं पुसट.
हिरवं, त्याहून हिरवं, आणि पांढरं काहीतरी,
ते पाणी की कुड्याचं खोड, कळत नव्हतं.

"ह्याचं नाव काय?"
"कोणत्या जागचं? खाली माजरपाणी.
वळणावर जावयाचा डोह.
इथं कोणी येत नाय. नाव कोणाला सांगायचं?"

एका दरडीखाली ओहळ गेला तो गेलाच.
धवळूनं दगडाला कान लावला. मीही.
आत कुणीतरी, दार लावून,
सावकाश भांडी विसळत होतं.

वर गेलो तसं पाणी वाढलं.
माझ्या तक्त्यांत ते कायम खालीच वाढायचं.
उगम म्हणजे कातळात अंगठ्याएवढी भेग.
त्यानं पान खोचलं, धार धरली,
"वैशाखातबी हाय हे," म्हणाला.

खिशात पेन्सिल होती. रेघ जोडायलाच आलो होतो.
ज्या रेघा मी सलग केल्या
त्यांच्यावर पुढे काय काय आलं, मला पाठ आहे:
आधी खुंट्या, मग जीप, मग पाइप.
पेन्सिल ओली झाली होती, असं मी घरी सांगेन.

उतरताना धवळू खळग्यावर पालथा झाला.
बराच वेळ नुसती पाठ दिसत होती.
वर आला चष्मा, आणि त्याच्या दांडीला
घट्ट धरून एक मुठा.
सोडेना.
धवळू बाजूच्या दगडावर बसला, तंबाखू काढली.
"धरू दे थोडं," म्हणाला. "त्याला बी बघू दे."