शीर्षक नसलेली रेंज

जानोरीच्या कोल्ड स्टोरेजला मी लागले त्याच आठवड्यात
पुंजाराम गांगुर्डे निवृत्त झाले
आणि त्यांची शीट माझ्या गळ्यात आली.
एकच शीट. अकरा हंगाम.
एक हजार एकशे सव्वीस ओळी, मधेच मोकळ्या, मधेच पिवळ्या,
एकमेकींत मिसळलेल्या चौकटी,
एका गावाच्या नावाखाली सहा बागाईतदार
जीपमध्ये बसल्यासारखे दाटून.
वजनाच्या रकान्यात आकडा आणि पुढे ‘किलो, ओले’,
म्हणून बेरीज शून्य.
वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे.
एके ठिकाणी नुसतंच ‘तेच की’.

कंपनीने आणलेलं साधन मात्र हुशार.
बटण एकच: तक्ते करा.
ते शीट हुंगत फिरतं,
मोकळी ओळ दिसली की तिथे बांध घालतं,
वरची ओळ उचलून ठळक करतं,
थॉम्पसन थॉम्पसनजवळ, सोनाका सोनाकाजवळ,
आणि ‘वरीलप्रमाणे’ला उभं करून विचारतं,
वरील म्हणजे कोण? पूर्ण लिही.
चहाच्या आत सहा तक्ते झाले.
मी डबा उघडला.

सातव्याला ते अडलं.

पार उजवीकडे, जिथे सरकत सरकत कुणी जात नाही,
पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन रकाने.
एकात तारखा.
दुसऱ्यात दोन, एक, शून्य, शून्य, चार.
‘या रेंजला शीर्षक आढळले नाही.
रकाना १, रकाना २ असे नाव देऊ?’

फोन लावला. गांगुर्डे रविवार कारंज्यावर
चष्म्याची काच बदलायला बसले होते.
“पांढऱ्यातलं ना?” म्हणाले,
मग बराच वेळ नुसते रिक्षांचे हॉर्न.
“चार नंबरच्या खोलीचा कॉम्प्रेसर.
रात्रीतून कितींदा बंद पडला, ते.
साहेब म्हणाले, लिहू नका.
न लिहिता मला झोप येत नव्हती.
म्हणून लिहिलं, पण दिसेल असं नाही.”

तक्ता झाला की रकान्याच्या डोक्यावर
एक बारका बाण येतो.
मी दाबला: मोठे ते लहान.
अकरा हंगामांच्या रात्री जागच्या हलल्या
आणि सगळ्यांच्या वर येऊन बसली
बावीस फेब्रुवारी. चौदा वेळा.

ही तारीख मी सकाळीच पाहिली होती.
तिसऱ्या तक्त्यात, पिवळी:
रॉटरडॅमला नाकारलेला कंटेनर, माल मऊ.
आणि पाचव्यात, हजेरीच्या,
हौसा गावित, यमुना भोये, लीला लिलके,
आणखी पाच जणी, प्रत्येकीची नऊ दिवसांची मजुरी कापलेली.
गांगुर्ड्यांनी कारण एकदाच लिहिलं होतं,
खाली सात वेळा वरीलप्रमाणे.
साधनाने ते इमानाने उलगडलं:
पॅकिंगमध्ये हयगय
पॅकिंगमध्ये हयगय
पॅकिंगमध्ये हयगय
आठही नावांसमोर, स्वच्छ, एका रेषेत.

रकाना १, रकाना २ म्हटलं असतं
तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.
माझी नोकरी पंधरा दिवसांची,
आडगाव नाक्यावरच्या खोलीचं डिपॉझिट अजून अर्धं द्यायचंय.
कर्सर लुकलुकत राहिला.
चार नंबरच्या खोलीतून तो कॉम्प्रेसर
सुरू झाला, खोकला, बंद पडला.
पंधरा, असं माझ्या तोंडून निघून गेलं,
जणू मीच मोजत होते तेव्हापासून.

मी लिहिलं: तारीख.
मी लिहिलं: कॉम्प्रेसर बंद, वेळा.
मग दोन्ही रकाने निवडून
अक्षरांचा रंग काळा केला.

काचेपलीकडे हौसा क्रेट रचत होती,
साडीवर पुरुषी स्वेटर, कानाला मफलर.
मी टकटक केलं. आत आली, हात चोळत.
“मावशी, बसा. वाचून दाखवते.”

“मला येतं वाचता,” ती म्हणाली.
“तू खुर्ची सरकव.”