घंटा ओढणाऱ्याची साक्ष

लिहून घेताय म्हणून सांगतो.
मी योस्ट. आधी चर्चची घंटा ओढायचो,
मग कोर्टाच्या दारात पुकारा करायचो.
बावीस वर्षं दोरी, एकोणीस वर्षं पुकारा.
दोन्हीकडे माणूस एकच : मेल्खिओर झ्विकी.
लोक म्हणतात, पार बदलला.
मला विचाराल तर फक्त कॉलर बदलली.

लिंट नदीकाठी तेव्हा कापड छापायच्या गिरण्या.
नदी सोमवारी लाल, गुरुवारी निळी.
पोरं तेरा तास रंगाच्या घमेल्यांपाशी
आणि रविवारी चर्चच्या बाकांवर झोपलेली.
पाळक वरून बघायचे, आवाज खाली आणायचे.
"योस्ट, आज घंटा जरा हळू मार."
घंटा हळू मारता येत नाही.
मी हो म्हणायचो.

मग त्या हिवाळ्यात चार लहान पेट्या.
चौथीतल्या पोरीचे हात कोपरापर्यंत निळे,
आईनं राखेनं घासले तरी निघाले नव्हते.
पाळकांना पाठ असलेली प्रार्थना आठवेना.
पुस्तक हातात होतं, ते त्यांनी मिटलं.
ईस्टर झाल्यावर काळा झगा माझ्याकडे दिला.
"घडी घालून ठेव. कसर लागू देऊ नकोस."

आमच्या खोऱ्यात कायदा हात वर करून होतो,
मे महिन्यात, उघड्या चौकात.
ते भर पावसात बाकावर चढले.
अकरा तास. चौदाच्या आतलं पोर नको.
गिरणीवाल्यांच्या बाजूनं कुणी शीळ घातली.
मग हात वर झाले :
लाल, निळे, एक तर गवतासारखा हिरवा.
मोजणारा दोनदा चुकला.

पुढे परिषदेत अकराचे साडेअकरा झाले,
चौदाचे बारा.
रेल्वेच्या पुलाला मत देऊन त्यांनी ती मतं आणली
आणि त्या रात्री माझ्या घरी येऊन
काही न बोलता झिगर चीज आणि बटाटे खाल्ले.
सहा खाल्ले. मी मोजले.

सरकारी वकिलाची जागा कुणालाच नको होती.
खोरं एवढंसं, ज्याला तुरुंगात धाडायचं
त्याच्याच गोठ्यातलं दूध सकाळी दारात.
ते म्हणाले, मी घेतो.
का, ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

रेगुला हेफ्टी. गिरणीतून नऊ वार कापड चोरलं.
निळं. विकलं नव्हतं, शिवलं नव्हतं,
पेटीत घडी घालून ठेवलेलं सापडलं.
राखेनं हात घासणारी ती हीच.
न्यायाधीश बाहेरगावचा, त्याला ठाऊक नव्हतं.
बाकी सगळ्या कोर्टाला होतं.

झ्विकी उभे राहिले. कलम सांगितलं, वार सांगितले,
किंमत सांगितली. आवाज तोच, रविवारचा.
तीन महिने मागितले आणि शेवटी,
जिभेची सवय,
"आमेन" म्हणाले.

सगळं कोर्ट उठून उभं राहिलं.
टोप्या हातात, माना खाली.
सगळे म्हणाले, आमेन. मी म्हणालो.
आरोपीच्या कठड्यात रेगुलाही म्हणाली.
कुणी हसलं नाही.
न्यायाधीशानं तीन महिने दिले.

लोक सांगतात, त्यांनी तुरुंगात तिला पाव धाडला,
तिचं भाडं भरलं.
मी काही नेलं नाही. कुणी नेलं असल्यास माहीत नाही.
मला माहीत आहे ते इतकंच की
त्यानंतर भाषण संपलं की ते क्षणभर थांबायचे,
काहीतरी गिळायचे,
मग म्हणायचे : "एवढंच."

फेब्रुवारीत गेले. मी झगा काढला.
कसर लागलीच होती, खांद्यापाशी, बोटभर.
म्हणून कोर्टाचा कोट घातला.
नव्या पाळकानं प्रार्थना संपवली,
सगळ्यांनी ठरलेला शब्द म्हटला.
माझ्या उजवीकडे रेगुला उभी होती, म्हातारी,
हात आता स्वच्छ.
तिचे ओठ हलले.
आमेन म्हणाली की एवढंच, सांगता येणार नाही.
त्या बाजूचा कान
माझा घंटेनं कधीच नेलाय.