सहा कमी

धुळ्यात एप्रिलच्या दुपारी कूलर नुसता ओरडतो.
माझ्या टेबलावर लाल पेन, हिरवं पेन
आणि एक पेन्सिल, जी वापरायची नाही
असा तोंडी नियम आहे.
या अभ्यासक्रमाला विज्ञानाचे साठ श्रेयांक लागतात.
मोगी रुमाल्या पावरा हिचे चोपन्न भरतात.

उरलेले सहा आहेत, पण त्यांचं नाव चुकलंय:
विज्ञान अध्यापन, भाग एक आणि दोन.
शीर्षकात अध्यापन आलं की ते शिक्षणशास्त्रात जातं,
असं आमच्याकडे धरतात.
बोरसे साहेब होते तेव्हापासून धरतात.

ती धडगावहून पहाटे निघालेली, शहाद्याला गाडी बदलून.
गुणपत्रकं प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवीवर कापसाच्या बियाण्याची जाहिरात.
मी म्हटलं, हे सहा धरता येणार नाहीत.
ती म्हणाली, का?

या खिडकीत लोक कधी विचारतात, किती विचारतात.
का, असं कुणी विचारलेलं आठवत नाही.
उत्तर सापडेना म्हणून मीच विचारलं,
काय केलंस त्या सहांत?

आश्रमशाळेत आठवीला वीस पाठ घेतले, सर.
प्रयोगशाळेच्या खोलीत तांदळाची पोती होती.
मग बाजारातून बकऱ्याचं हृदय आणलं,
परातीत ठेवून वरून तांब्यानं पाणी ओतलं.
आत गेलेलं पाणी उलटं येईना.
पोरं पावरीत विचारायची, मी मराठीत सांगायची,
मराठी अडली की पुन्हा पावरीत,
आणि त्या येण्याजाण्यात मलाच कळलं
वरचा कप्पा इतका पातळ का असतो.
परीक्षेत ते मी तीनदा लिहिलं होतं, सर.
रतन्या म्हणाला, झडप सैल झाली तर?
त्याच्या आईचे पाय सुजतात.

एवढं बोलून ती गप्प बसली.
मी नियमपुस्तिका काढली. सात, क:
'विज्ञान विषयाचा आशय असलेले अभ्यासक्रम.'
आशय म्हणजे काय, ते परिशिष्टातही नाही.

तिच्या बाजूनं सगळं सोपं नाही.
गठ्ठ्यात अजून दोनशे अकरा अर्ज आहेत.
साक्रीच्या एका पोरानं याच सहांसाठी
वर्षभर भाकरीवरची बुरशी वाढवली,
रात्री बाराला उठून मोजली.
आणि अध्यापनाच्या नावाखाली नुसते तक्ते रंगवलेले,
फुलाचे भाग, गुलाबी स्केचपेन, मागे दुकानाचा शिक्का,
तेही मी पाहिलेत. गुण मात्र पैकीच्या पैकी.

पारोळ्याला आम्हाला शिंपी सर होते.
वहीच्या कागदाला हळद चोळायचे,
त्यावर साबणाचं बोट ओढायचे,
कागदावर लाल रेघ उमटायची.
ते तेव्हा शिकवत होते की विज्ञान करत होते,
हे बाकावरून वेगळं दिसत नव्हतं.
मी पुढे कला शाखेला गेलो, हा भाग वेगळा.

पाठांची वही आहे का, मी विचारलं.
होती. तेराव्या पाठाच्या पानावर तपकिरी डाग,
डागाभोवती पेननं गोल करून
तिनं तारीख घातलेली.
मी वही अर्जाला जोडली. स्टेपलरची पिन आत जाईना,
सुतळीनं बांधली. जाड अर्ज समितीला आवडत नाहीत.
शेऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं: शीर्षक पाहू नये, वही पाहावी.
लिहून झाल्यावर वाटलं, हे कुणीही खोडू शकतं.
हिरवं पेन उचललं, पुन्हा ठेवलं.

कधी कळेल, तिनं विचारलं.
म्हणजे शेवटी तीही तिथंच आली.
मी म्हटलं, जूनमध्ये.

सुपडू शिपाई दारातून म्हणाला, भाऊ, जेवाले चाल.
शेवभाजी तिखट होती, रस्सा बोटांना लागला.
नळाला धार बारीक, साबणाची चकती झिजलेली.
फेसात बोटं लाल झाली.
ती मी जरा वेळ तशीच धरली.
मागे हात धुवायला रांग होती.