बुधवारचा बेत

खुर्ची नंबर सात. मंगळवार.
दोन सुया टोचून झाल्या की आर्लो श्रॅग
उजव्या हाताने नकाशा उलगडतो.
डाव्यातून रक्त जातं-येतं, तो हलवायचा नाही,
म्हणून नकाशाचं दुसरं टोक मी धरते.

"ही सगळी सरकारी जमीन," तो म्हणतो,
"म्हणजे माझी. तुझीही. कर भरतेस ना?"
मला आमच्या गावचं गायरान आठवतं,
सगळ्यांची गुरं चरायची त्यावर
आणि सगळ्यांचा डोळाही असायचा.
गायरान म्हणजे काय ते सांगत असतानाच
यंत्र ओरडतं. नळी दबलीय.
सरळ करते.

शनिवार नको. शनिवारी विचिटाची पोरं येतात,
रात्री दोनपासून पार्किंगात ट्रकांची रांग.
शिवाय शनिवारी हा इथे, याच खुर्चीत.
सोमवारी दोन दिवसांचं पाणी अंगात तुंबलेलं,
चार पावलांवर धाप.
राहता राहिला बुधवार:
मंगळवारी रक्त धुऊन घ्यायचं, बुधवारी निघायचं.
"आणि थकवा?"
"तो येणारच. त्याला वेगळं लायसन लागत नाही."

दिवसाला लिटरभर पाणी मोजून पिणारा माणूस,
बर्फाचा खडा जिभेवर पुरवून पुरवून चघळणारा,
कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचे बेत करतो.
चार नंबरचं तळं. पश्चिमेचा बांध.
तिथे लव्हाळ्यात एक खोबण आहे म्हणे,
बाकीच्यांना आळसामुळे न सापडलेली.
वारा पाठीशी हवा,
बदकं वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतात.
उत्तरेचा सुटला तर जागा बदलायची,
दक्षिणेचा असेल तर घरी झोपायचं.

अठरा नकली बदकं. तिघांचा रंग उडालाय.
छर्रे पोलादाचे; शिशाचे चालत नाहीत,
शिसं तळाशी राहतं, बदकं खडे समजून गिळतात.
यंदाचं तिकीट परवान्यावर चिकटवायचं,
त्यावर आडवी सही, शाईनेच.
सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पहिला बार,
मिनिटभरही अलीकडे नाही.
हे सांगताना त्याचा आवाज
चर्चमधल्यासारखा होतो.

मग पुस्तकातली चित्रं.
हा हिरव्या डोक्याचा. ही त्याची मादी, दोनच्या वर मारायची नाही.
हा चपट्या चोचीचा. "हा चिखल चाळतो. खायला बेकार."
याला मी ओळखते.
थापट्या.
धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात उतरायचा,
दादा सायकलवरून दाखवायला न्यायचा.
आमच्याकडे एका बदकाचं नाव हळदीकुंकू आहे, मी सांगते.
आर्लो तो शब्द तीनदा म्हणून बघतो,
तिन्ही वेळा वेगळा.

गाडा कोण ओढणार, ते मी विचारत नाही.
पाऊण मैल चिखल, अठरा बदकं, बंदूक, स्टूल.
डेल्मरने नाव विकली, गुडघे बदलले.
नातू डेन्व्हरला, त्याला बुधवारी कामातून सवड नाही.
भिंतीवर आमच्या ड्यूट्यांचा तक्ता आहे,
खुर्चीत बसून वाचता येईल एवढा मोठा.
चार तास त्याच्याकडे बघण्यासारखं दुसरं काय असतं?

काटा सांगतो: दोन लिटर आठशे काढलं.
सुया निघाल्या. बोटाने दाबून धरलंय,
दहा मिनिटं असंच, रक्त थांबेस्तोवर.

"तुझ्या बुटाचं माप काय?"
छताकडे बघत विचारतो.
गॅरेजमध्ये व्हर्नाचे रबरी पायघोळ टांगलेत,
छातीपर्यंतचे. सहा हिवाळ्यांत
कुणी खाली काढलेले नाहीत.

पेशंटबरोबर बाहेर जाणं नियमात बसत नाही.
जीव घेणं माझ्यात बसत नाही.
पहाटे तीनला उठणं तर कशातच नाही.

"साडेसहा," मी म्हणते.
"जाड मोजे घातले तर सात."

तो नकाशाची घडी घालायला लागतो, एका हाताने,
चुकीच्या रेघेवर.